अक्काला काय कळतं

वसमतच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं घर होतं, आणि घराला लागूनच हळद घासायचा ढोल. शिजवून वाळवलेली हळद त्या लोखंडी ढोलात घालून फिरवली की तिच्यावरचं खडबडीत साल निघतं आणि हळकुंड तुळतुळीत होतं. दादा, म्हणजे आमचे वडील, त्या ढोलावर कामाला होते. हंगामात सकाळपासून त्याची खडखड सुरू व्हायची आणि आम्ही सगळे जण एकमेकांशी जरा मोठ्यानंच बोलायचो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरात भांडण चालू आहे. पिवळी धूळ भाकरीच्या टोपलीवर, पाण्याच्या माठावर, माझ्या पुस्तकांवर बसायची. माय ज्वारीच्या भाकरी थापायची, अंबाडीची भाजी नाहीतर शेंगदाण्याची चटणी करायची, आणि तिच्या हाताचा पिवळेपणा भाकरीला लागू नये म्हणून आधी राखेनं हात घासायची. तरी लागायचाच. अजून मला पांढरीशुभ्र भाकरी समोर आली की ती परक्या घरची वाटते.

अंगणात पोतं अंथरून माय आणि अक्का हळद निवडायच्या. हळकुंडं एका बाजूला, गड्डे दुसऱ्या बाजूला, किडकी आणि मोडकी तिसऱ्या बाजूला. अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. नाव शकुंतला. तिला बोलायला उशिरा आलं, शाळेत पहिलीतच तीन वर्षं बसवलं आणि मग घरी आणलं. गल्लीत कुणी तिला येडी म्हणायचं, कुणी भोळी. घरात आम्ही काहीच म्हणायचो नाही. अक्का म्हणजे अक्का. पण हळद निवडायला बसली की तिचा हात मायपेक्षा भराभर चालायचा. कच्चं शिजलेलं हळकुंड ती नुसत्या बोटांनी ओळखायची, मोडून बघायची गरज तिला पडायची नाही. दादा कौतुकानं म्हणायचे, माझ्या शकूसारखी निवड अख्ख्या मोंढ्यात कुणाची नाही.

तेच दादा संध्याकाळी कुणी अक्काबद्दल काही विचारलं तर म्हणायचे, जाऊ द्या, तिला काय कळतं. मी हे रोज ऐकत मोठी झाले आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. काम सांगायचं असलं की अक्काला सगळं कळायचं, तिला काही विचारायचं असलं की काहीच कळायचं नाही. चूक झाली आणि रागवायचं असलं की परत कळायचं. "सगळं समजतंय तिला, मुद्दाम करून राहिली," असं माय चिडून म्हणायची, आणि तासाभरानं शेजारणीला सांगायची की लेकरू आहे हो ते, त्याला काय समजतंय. माय खोटं बोलत नव्हती. दोन्ही वेळी तिला तसंच दिसत होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून रजियाबी राहायच्या. त्यांचे मालक गाद्या भरायचं काम करायचे, त्यामुळे आमच्याकडची पिवळी धूळ आणि त्यांच्याकडचा पांढरा कापूस मधल्या भिंतीवरून ये-जा करायचे. रजियाबींच्या सुनेला, शबानाला, पहिला मुलगा झाला तेव्हापासून अक्का दुपारभर त्यांच्याकडेच असायची. बाळाला मांडीवर घेऊन हलत बसायची. बाळाची मान कशी धरायची हे तिला कुणी दोनदा सांगितलं नाही. रजियाबी मायला म्हणायच्या, "इसकू सब समजता बाई. तुम लोगांच नै समजते." माय त्यांच्यासमोर हसायची आणि घरात येऊन म्हणायची की त्यांना फुकटची राखणदारीण मिळाली, त्यांना कळतंयच म्हणायला पाहिजे. आता वाटतं, मायचंही अगदी चूक नव्हतं. अक्का बाळ सांभाळायला हवी होती म्हणून रजियाबींना ती शहाणी दिसत होती, असंही असेल. पण मग आम्हाला ती अडाणी दिसत होती ती आम्हाला काय हवं होतं म्हणून, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मी अक्काच्या सगळ्यात जवळ होते, म्हणून मला काय काय माहीत होतं ते इथे लिहून ठेवते. तिची पाळी यायच्या आदल्या दिवशी ती जुन्या लुगड्याच्या घड्या स्वतःच डब्यातून काढून ठेवायची आणि मला सांगायची, "उद्या हाय." बहुतेक वेळा तसंच व्हायचं. एकदा तिनं रजियाबींना विचारलं होतं की शबाना आता पाळीचे कपडे धुवायला नळावर का येत नाही. तेव्हा शबानाला दिवस गेले होते. रजियाबींनी तिला सरळ सांगितलं की ते थांबलं की पोटात लेकरू येतं, नऊ महिन्यांनी बाहेर येतं. मी तिथंच होते. अक्कानं बोटं मोजली. मग बाळ झाल्यावर एकदा त्याला खेळवता खेळवता ती मला म्हणाली, "मला बी व्हईल एक." मी हसले. पोपटासारखी ऐकलेलं बोलते, असं मी मनाशी ठरवलं. घड्या काढून ठेवण्याचंही माझ्याकडे उत्तर होतं. पाऊस यायचा कोंबड्यांनाही कळतो, त्याला काय समज म्हणायची का? अशी उत्तरं मला चटकन सुचायची. बारावीला विज्ञान घेतलेली मी घरातली एकटीच शिकणारी होते.

बारावीचा निकाल लागला आणि मला परभणीला नर्सिंगला जागा मिळाली. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी अक्का घरातून नाहीशी झाली. दोन तास शोधाशोध झाली. ती बसस्टँडवर सापडली, एका अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसून भजी खात. माणूस दादांना बघून उठला आणि निघून गेला. झालं काहीच नव्हतं. अक्का म्हणाली की त्या काकानं भजी दिली आणि औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला नेतो म्हणाला. मायनं तिला त्या दिवशी मारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मारलं आणि मग स्वतःच भिंतीला डोकं लावून बसली. त्यानंतर मायची झोप उडाली. अक्का रजियाबींकडे गेली तरी ती दाराशी उभी राहायची.

मग मावशीनं नांदेडच्या एका दवाखान्याचं सांगितलं. तिच्या ओळखीच्या एका घरात अशाच मुलीची पिशवी काढली होती. पाळीची कटकट नाही, आणि देव न करो, काही वाईट घडलं तर त्याचं पुढचं संकट नाही. माय पहिल्यांदा नको म्हणाली, मग आठवडाभर विचार करत राहिली. दादांना ते पटत नव्हतं. जिवंत पोरीचं पोट फाडायचं, काही कमी-जास्त झालं तर? त्यांना वाटायचं ऑपरेशन फार धोक्याचं असतं, आणि मायला वाटायचं त्यात काही धोका नसतो, सकाळी नेलं की चार दिवसांत माणूस घरी. दोघांनीही दवाखान्याची पायरी तोवर चढली नव्हती. रजियाबींनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या की असं केलं तर पोरगी सुकून जाते, वर्षात मरते. तेही खरं नव्हतं. आमच्या त्या अंगणात महिनाभर या ऑपरेशनाबद्दल जे काही बोललं गेलं त्यातलं प्रत्येक वाक्य माहिती असल्यासारखं ठामपणे बोललं गेलं, आणि प्रत्येकाची माहिती ज्याला जे व्हायला हवं होतं त्याच बाजूची होती.

माझंही तेच. मी मध्ये बोलत नव्हते, पण मायनं मला एकदा स्वयंपाकघरात सांगितलं होतं की हे असंच राहिलं तर तुला परभणीला पाठवता यायचं नाही, एकटीनं माझ्याच्यानं हिची राखण होत न्हाई. ती धमकी नव्हती. माय थकली होती. त्या दिवसापासून अक्काकडे बघताना मला तिची नको ती गोष्ट आधी दिसायला लागली. पदर नीट नसणं, नाव विचारलं तर दोनदा सांगणं, घास तोंडात असताना हसणं. घड्यांचा डबा रोज डोळ्यासमोर होता, तो दिसेनासा झाला. मी ठरवून डोळे मिटले असते तर निदान मिटले एवढं तरी मला आठवलं असतं. तसं काही झालं नाही. मला खरोखरच वाटायला लागलं की अक्काला काही कळत नाही.

नांदेडला आम्ही चौघं गेलो. अक्काला सांगितलं होतं की पोटात गाठ आहे, ती काढायची. बसमध्ये ती खिडकीशी बसून गावांची नावं विचारत होती. मोठ्या डॉक्टरांनी मायदादांशी चांगलं बोलून घेतलं. भला माणूस होता. अशा मुलींच्या आयांचे हाल मी पाहिलेत, म्हणाला, आणि मुलींना नंतर काही जाणवतही नाही. हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. अशा मुलींना कुणी विचारलं असेल असं मला आज वाटत नाही. मग कागद भरायला त्यांनी आम्हाला एका तरुण डॉक्टरणीकडे पाठवलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि अक्कासमोर स्टूल ओढून बसली. तिनं विचारलं, "शकुंतला, तुला इथं कशासाठी आणलंय, माहीत आहे का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. परक्या माणसानं काही विचारलं की ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मग सावकाश, शब्द जुळवत बोलायची. मला हे माहीत होतं. घरात दुसऱ्या कुणाला एवढं माहीत नव्हतं. मी मान हलवली नाही. डॉक्टरीण थोडा वेळ थांबली आणि मग दादांकडे वळली. दादा म्हणाले की आमच्या धाकटीला विचारा, ती शिकलेली आहे, दोघी सारख्या बरोबर असतात.

"पुढं मूल होणार नाही, हे तुझ्या बहिणीला समजतं का?" तिनं मला विचारलं. "अगदी थोडं जरी समजत असेल तरी सांग. मग मी सरांशी बोलेन."

मी म्हणाले, "न्हाई. तिला कळत न्हाई."

डॉक्टरणीनं आणखी एकदा अक्काकडे बघितलं आणि लिहिलं. दादांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली. व्हरांड्यात आल्यावर अक्का माझा हात धरून चालत होती. जरा वेळानं ती म्हणाली, "मला कळत न्हाई, व्हय मंदे?"

मी म्हणाले, "तसं न्हाई गं. डाक्टरला तसं सांगायचं असतंय."

"बरं," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. दादांची भीती खोटी ठरली, रजियाबींचीही. पंधरा दिवसांनी अक्का अंगणात हळद निवडायला बसली आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी लोखंडी पेटी घेऊन परभणीच्या बसमध्ये चढले. मायनं दशम्या बांधून दिल्या होत्या. मी आनंदात होते. हे लिहायला नको वाटतं, पण मी खिडकीतून मागं वळून पाहिलं नाही, इतकी आनंदात होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा माय करंज्या लाटत होती आणि अक्का सारण भरत होती. अक्का थोडी भरलेली दिसली. मला बघून उठताना तिनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा पोटावर धरला आणि सावकाश उठली, शबाना उठायची तशी. मायनं तोंड फिरवलं. दुपारी अक्का मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि घड्यांच्या डब्यातून एक दुपटं काढून दाखवलं. जुन्या लुगड्याच्या त्याच घड्या एकावर एक ठेवून तिनं शिवल्या होत्या. टाके मोठे होते, पण सरळ होते. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "थांबलंय. चार महिने झाले." आणि बोटं दाखवली. चार. बरोबर होती. मी स्वतः मोजली.

बाहेर आले तर माय पोळपाटावर बघतच म्हणाली, "बघितलंस? येडं खूळ घेऊन बसलीय. शेजारीपाजारी हसायलेत. म्हणून म्हणलं व्हतं मी, हिला काई कळत न्हाई."

 पण त्या दिवशी परभणीत तीन महिने शरीरशास्त्र शिकून आलेल्या मला पहिल्यांदा कळलं की अक्काचं गणित कुठंही चुकलं नव्हतं. पाळी थांबली की लेकरू येतं, हे तिला सांगितलेलं होतं. पाळी थांबली होती. एकच गोष्ट तिला माहीत नव्हती आणि ती आम्ही लपवली होती. समोर एकच दुपटं होतं. मायला त्यात वेडेपणाचा पुरावा दिसत होता, आणि मला माझ्या तोंडून गेलेल्या त्या वाक्याचा खोटेपणा. माय खोटी नव्हती, तिला तसं दिसल्याशिवाय जगताच आलं नसतं.

पुढं मी चाळीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, शेवटी शेवटी नर्सिंगच्या मुलींना शिकवलंही. निवृत्तीनंतर एका दवाखान्यानं मला त्यांच्या समितीवर घेतलं. अवघड प्रसंगी काय करणं योग्य, हे ठरवायला डॉक्टर, वकील, समाजसेवक आणि माझ्यासारखी एखादी म्हातारी अशी माणसं एकत्र बसतात. मागच्या वर्षी नरसीकडच्या एका खेड्यातले आईबाप सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आले, हीच मागणी घेऊन. समितीत बोलणं सुरू झालं आणि मला आमचं अंगण आठवलं. ज्यांना ऑपरेशन व्हावं असं वाटत होतं त्यांच्या मते धोका किरकोळ होता आणि मुलीला समज नव्हती. ज्यांना ते अन्यायाचं वाटत होतं त्यांच्या मते धोका मोठा होता आणि मुलीला बरंच समजत होतं. अजून कुणी मुलीला भेटलंही नव्हतं. आणि मी? फाइल उघडायच्या आधीच मला खात्री होती की तिला सगळं कळतं. मी भेटायला गेले, तासभर तिच्याजवळ बसले, ती बोलेल म्हणून थांबले, मान हलवून बघितली. ती माझ्या बांगड्यांशी खेळत राहिली. मला खरंच काही उमगलं नाही. बाहेर येऊन मी लिहिलं की तिला समजतं. ऑपरेशन झालं नाही. तिची आई जाताना माझ्याकडे बघून गेली, थकलेली, माझ्या मायसारखी. मी त्या मुलीबद्दल लिहिलं की अक्काबद्दल, हे मला आजही सांगता येत नाही.

अक्काला खरं सांगितलं ते मीच, त्याच दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. माय नळावर गेली होती, ढोल सणासाठी बंद होता आणि घर कधी नव्हे इतकं शांत होतं. अक्का ओसरीवर गड्डे निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की लेकरू येणार नाही. नांदेडला गाठ नव्हती काढली, लेकरू राहायची पिशवीच काढली, म्हणून थांबलंय. हेही सांगितलं की डॉक्टरणीनं मला विचारलं होतं.  तिनं हातातला गड्डा खाली ठेवला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. मला वाटलं ती रडेल, किंवा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग ती पिशवी कुठं ठिवली?" तिनं विचारलं.

मी परभणीत तीन महिने काढले होते. शस्त्रक्रियेत काढलेलं दवाखाने कुठं टाकतात हे मी पाहिलं होतं. मी म्हणाले, "पुरली. दवाखान्याच्या मागं, झाडाखाली."

"कोनच्या?"

"लिंबाच्या," मी म्हणाले. तिथं लिंब आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "मला तिथं घिऊन चल."

मी म्हणाले, नेते. पुढच्या सुट्टीत नेते. पुढच्या सुट्टीत तिनं परत विचारलं आणि मी म्हणाले, उन्हाळ्यात जाऊ. मग माझं लग्न झालं, मुलं झाली, बदल्या झाल्या. दादा गेले, पाठोपाठ माय गेली, आणि अक्का माझ्याकडे राहायला आली. मी घरी असले, हातात थोडा वेळ आहे असं दिसलं, की ती जवळ येऊन विचारायची, "जायचं का लिंबाकडं?" मी नांदेडला कितीदा जाऊन आले याची गणती नाही. तो दवाखाना पाडून तिथं कपड्यांचं मोठं दुकान झालेलंही मी पाहिलं. तिला मात्र एकदाही नेलं नाही. मागं झाड नसलं तर काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

आता तिनं सत्तरी गाठली आहे. बरेच दिवस झाले, ती विचारत नाही. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा तिनं शेवटचं कधी विचारलं हे आठवून पाहिलं. मला ते वर्षसुद्धा आठवलं नाही.